गोडाऊनला पॅलेट ट्रॉली, स्टॅकर, फोर्कलिफ्ट की रीच ट्रक? मशीन घ्यायच्या आधी काय मोजायचं आणि कसं ठरवायचं

भिवंडीत, चाकणला, तळोज्याला गाळा घेतला, रॅक लागले, माल यायला सुरुवात झाली की पहिला प्रश्न हाच, उचलायला काय घ्यायचं. बहुतेक जण तो प्रश्न थेट डीलरला विचारतात आणि संभाषण सुरू होतं "किती टनाचं पाहिजे?" इथून. माझ्या मते गडबड इथेच होते, कारण टन हा सगळ्यात शेवटी बघायचा आकडा आहे. आधी माल, मग फरशी, मग उंची, मग गल्लीची रुंदी, आणि हे चार कागदावर आले की मशीन जवळपास आपोआप ठरतं, डीलरकडे फक्त कंपनी, सर्व्हिस आणि भाव बोलायला जायचं.

नावं नवीन असतील तर आधी एवढं: पॅलेट म्हणजे माल रचायची फळी, तिच्याखाली मशीनचे काटे, म्हणजे पुढची दोन लोखंडी पाती, जातात. पॅलेट ट्रॉली ती जमिनीलगत ओढते, स्टॅकर उचलून रॅकवर ठेवतो आणि माणूस मागे चालत तो चालवतो, फोर्कलिफ्ट आणि उंच रॅकसाठीचा रीच ट्रक ही बसून चालवायची मशीनं, सविस्तर भाग ४ मध्ये. खाली वरचाच क्रम धरलाय. उदाहरण म्हणून ६० बाय १०० फुटांचा, म्हणजे ६००० स्क्वेअर फुटांचा जुन्या पद्धतीचा गाळा घेतो, डॉक, म्हणजे गाडीच्या फाळक्याच्या उंचीचा ओटा, नाही, गाडी शटरसमोर लागते. असे गाळे आपल्याकडे भरपूर आहेत आणि त्यांच्यासाठी नीट माहिती कुठे मिळत नाही, सगळे कॅटलॉग १२ मीटर उंच नव्या वेअरहाऊससाठी लिहिलेले असतात.

१. माल मोजा, पॅलेट उलटं करून बघा

आठवडाभराचा माल बघा आणि दोन आकडे लिहा. सगळ्यात जड नग किती किलोचा, आणि रोज सगळ्यात जास्त वेळा हलतो तो नग किती किलोचा. हे दोन आकडे खूप वेगळे असले तर मशीन दुसऱ्या आकड्यावर घ्यायचं आणि महिन्यातून एकदा येणाऱ्या जड नगासाठी भाड्याने फोर्कलिफ्ट बोलवायची. ५० किलोच्या २० गोण्या एका पॅलेटवर म्हणजे १ टन झाला, वर पॅलेटचं वजन वेगळं. २०० लिटरचे चार ड्रम एका पॅलेटवर ठेवले आणि आत पाण्याच्या आसपास घनता असलेला माल असला तर साधारण ८८० किलो होतात. चलनावर बऱ्याचदा नेट वजन असतं, ते धरू नका, वजनकाट्यावर ठेवून ग्रॉस घ्या.

आता पॅलेट. आपल्याकडे १२०० बाय १००० मिलिमीटरचं जास्त चालतं, पण सप्लायर बदलला की साईज बदलते, म्हणून आलेली सगळी पॅलेटं मोजा. आणि पॅलेट उलटं करून खालची बाजू बघा, हे फार महत्त्वाचं आहे. खाली चारही बाजूंनी पट्ट्या असतील तर पॅलेट ट्रॉलीची पुढची चाकं नेमकी त्या पट्टीवर येऊ शकतात, आणि वरून पंप मारला की ती चाकं खाली ढकलली जातात आणि पट्टी तडकते. साध्या स्टॅकरचंही तसंच, त्याचे पाय काट्यांच्या बरोबर खालून पॅलेटमध्ये जातात, खाली पट्टी आडवी असली की जातच नाहीत. अशा बंद पॅलेटसाठी पाय बाहेरून जाणारा स्टॅकर मिळतो, स्ट्रॅडल म्हणतात त्याला. पण मग दोन पायांच्या मधली जागा पॅलेटच्या रुंदीपेक्षा जास्त हवी, आणि रॅकमध्ये शेजारच्या पॅलेटांच्या मध्ये त्या पायांना जायला फट सोडायला लागते, किंवा खालची पॅलेटंही जमिनीऐवजी रॅकच्या आडव्या बीमवर ठेवायला लागतात म्हणजे पाय बीमखालून जातील. रॅक आधी लावून मोकळे झालात तर हे नंतर सहजासहजी सुधारता येत नाही.

२. फरशी, उतार, उंची

फरशी कशी आहे? ट्रिमिक्स केलेलं, म्हणजे मशीनने पाणी शोषून घोटलेलं, गुळगुळीत काँक्रीट असेल तर काहीही चालतं. शहाबादी किंवा कोटा असेल आणि सांधे उघडे पडले असतील तर पॅलेट ट्रॉलीची पुढची चाकं, जी जेमतेम ८० मिलिमीटर व्यासाची असतात, त्या सांध्यात अडकतात आणि माणूस जोर लावून ओढतो आणि वरचा माल सरकतो. पेव्हर ब्लॉकवर तर छोट्या चाकाचं कुठलंच मशीन नीट चालत नाही, तिथे मोठ्या टायरची फोर्कलिफ्टच. चाकांत नायलॉन आणि पीयू (पॉलियुरेथेन) असे दोन प्रकार येतात. नायलॉन कडक, ओढायला हलकं, ओल्या जागेत टिकतं, पण आवाज खूप आणि इपॉक्सी फरशीवर ओरखडे पाडतं. पीयू शांत, फरशीला चांगलं, पण फरशीवर लोखंडाचे बारीक तुकडे किंवा पट्टीचे कापलेले तुकडे पडत असतील तर ते चाकात घुसतात आणि चाक सोलून निघतं.

उतार मोजा. शटरच्या तोंडाशी पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून छोटा चढ केलेला असतो, तो डोळ्याला जाणवत नाही पण दीड टन ओढताना जाणवतो. साध्या पॅलेट ट्रॉलीला ब्रेक नसतो, उतारावर ती माणसाच्या अंगावर येते, म्हणून रॅम्पवर हँड ट्रॉली न्यायचीच नाही असा नियम करून टाका. कोकण पट्ट्यात आणि भिवंडीकडे जून ते सप्टेंबर रॅम्प ओलाच असतो, त्यामुळे हे चार महिने धरूनच विचार करायचा.

उंची म्हणजे छताची उंची नाही. सगळ्यात खाली जे लटकतंय ते, बीम, ट्यूबलाईट, पंखा, फायरचा पाईप, त्याच्या खालची मोकळी उंची. काटे ३ मीटर वर गेले की मास्ट, म्हणजे काटे ज्यावर वर-खाली होतात तो उभा खांब, त्याच्याही वर जातो, फोर्कलिफ्टला मालाच्या पाठीची जाळी असेल तर काट्यांच्या वर साधारण मीटरभर. उलट बाजूने, रॅकचा वरचा बीम ३ मीटरवर असेल तर ३ मीटर लिफ्टचं मशीन पुरत नाही, कारण पॅलेट बीमच्या १५०-२०० मिलिमीटर वर उचलून मग आत घालायचं असतं, म्हणजे निदान ३२०० ची लिफ्ट पाहिजे. ही २०० मिलिमीटरची चूक बाजारात इतकी कॉमन आहे की मशीन आल्यावर रॅकचे बीम खाली उतरवलेले गाळे सहज बघायला मिळतात.

कंटेनर आतून खाली करायचा असेल तर आणखी एक माप. साध्या २० फुटी कंटेनरच्या दाराची उंची साधारण २.२८ मीटर असते. मास्ट बंद असताना त्याच्यापेक्षा कमी हवा, आणि आत गेल्यावर मास्ट वर न सरकता काटे उचलले गेले पाहिजेत, त्याला फ्री लिफ्ट म्हणतात. फुल फ्री लिफ्ट पाहिजे असं ऑर्डरवर लिहूनच घ्या, तोंडी नको. आणि गाडीच्या फाळक्यावर किंवा कंटेनरमध्ये मशीन चढवायचं तर डॉक किंवा लोखंडी रॅम्प लागतो, तो खर्च मशीनच्या खर्चात धरा.

वरच्या मजल्यावर गोडाऊन असेल तर थांबा. २ टनाची बॅटरी फोर्कलिफ्ट स्वतःच साधारण साडेतीन टनाची असते, २ टन माल धरला की साडेपाच, आणि उचललेल्या अवस्थेत त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या दोन चाकांवर येतं. म्हणजे जवळपास ५ टन, दोन चाकांखालच्या छोट्याशा जागेवर. स्लॅब त्यासाठी बांधलाय का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या, मालक "चालतंय की" म्हणाला एवढ्यावर जाऊ नका.

३. गल्लीचा हिशोब करा

सगळं गणित इथे फिरतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मशीनच्या स्पेसिफिकेशन शीटवर एएसटी (Ast) नावाची ओळ असते, म्हणजे पॅलेटसह ९० अंशात वळून रॅकमध्ये घुसायला लागणारी गल्ली. तिथे दोन आकडे असतात, एक १००० बाय १२०० पॅलेट आडवं धरल्यावरचा आणि एक ८०० बाय १२०० उभं धरल्यावरचा. तुमचं पॅलेट १००० बाय १२०० असून ते १२०० च्या बाजूने खोल घालणार असाल तर हे दोन्ही आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत, डीलरकडून तुमच्या मापाचा आकडा काढून घ्या. त्या आकड्यात साधारण २०० मिलिमीटर मोकळीक धरलेली असते, ती कागदावर ठीक आहे पण रोजच्या कामाला, नव्या ड्रायव्हरला, आणखी २००-३०० सोडा.

ढोबळ अंदाज असा: चार चाकी फोर्कलिफ्टला ३.७ ते ४ मीटर, तीन चाकी बॅटरी फोर्कलिफ्टला ३.३ ते ३.५, रीच ट्रकला २.७ ते ३, चालत चालवायच्या स्टॅकरला २.२ ते २.५. अरुंद गल्लीची व्हीएनए मशीनं १.६ ते १.८ मीटरमध्ये चालतात पण त्यांना फरशी आरशासारखी सपाट आणि गाईड रेल किंवा वायर लागते, आपल्या गाळ्यात तो विषय नाही.

आता आपला गाळा. रुंदी ६० फूट म्हणजे १८.३ मीटर. पॅलेट १२०० खोल घातलं तर पाठीला पाठ लावलेली दुहेरी ओळ साधारण २.५ मीटर खाते, भिंतीला लागून एकेरी ओळ १.३.

फोर्कलिफ्ट, ४ मीटर गल्ली: १.३ + ४ + २.५ + ४ + २.५ + ४ = १८.३. रुंदी संपली, ओळी झाल्या ५, आणि शेवटच्या गल्लीला एकाच बाजूला रॅक.

रीच ट्रक, २.८ मीटर गल्ली: १.३ + २.८ + २.५ + २.८ + २.५ + २.८ + १.३ = १६. ओळी ६, आणि २.३ मीटर वर शिल्लक, ते माल तपासायला, पॅकिंगला वापरता येतात.

स्टॅकर, २.४ मीटर गल्ली: १.३ + २.४ + २.५ + २.४ + २.५ + २.४ + २.५ + २.४ = १८.४. ओळी ७, पण १० सेंटिमीटर कमी पडतात! म्हणजे २.३५ च्या गल्लीत चालणारा स्टॅकर शोधायचा किंवा ६ ओळींवर समाधान मानून गल्ली ऐसपैस ठेवायची. मी तरी दुसरं करेन, कारण वर सांगितलेली मोकळीक संपवून टाकली की रॅकचे पाय ठोकरले जायला लागतात, आणि ठोकरलेला रॅक ही गोडाऊनमधली सगळ्यात भीतीदायक गोष्ट आहे.

यात खांब धरलेले नाहीत. तुमच्या गाळ्याचा नकाशा घ्या, खांब मांडा, खांब दुहेरी ओळीच्या मधल्या फटीत लपतो का बघा. गल्लीत खांब आला तर ती गल्ली मेली.

४. आता मशीनं एकेक करून

पॅलेट ट्रॉली, म्हणजे हायड्रोलिक हँड ट्रॉली. काटे खाली असताना ८५ मिलिमीटर, पंप मारून २०० पर्यंत. बहुतेक अडीच टनाच्या असतात. ही उचलत नाही, फक्त जमिनीवरून सोडवून ओढते. कुठल्याही गोडाऊनला एक तरी पाहिजेच, मोठी फोर्कलिफ्ट असली तरी. हँडलवर तीन पोझिशनचा खटका असतो, खाली दाबला की उचल, मध्ये न्यूट्रल, वर ओढला की सोड. ओढताना खटका मध्ये ठेवायला सांगा, नाहीतर सील लवकर जातात. घेताना काट्यांची लांबी आणि बाहेरची रुंदी बघा, ५५० आणि ६८५ अशा दोन रुंदी चालतात आणि ६८५ वाली छोट्या पॅलेटमध्ये घुसत नाही. दिवसभर तीस-चाळीस मीटरपेक्षा लांब ओढायचं असेल किंवा माल टनाच्या वर असेल तर बॅटरीवाली, जिला सगळे बीओपीटी म्हणतात, ती घ्या. माणसाची कंबर वाचते आणि हा खर्चातला सगळ्यात चांगला खर्च आहे असं माझं ठाम मत आहे.

हँड स्टॅकर, पंप मारून उचलायचा. १ टन, दीड मीटरच्या आसपास. डाय बदलायला, पॅकिंग टेबलावर माल ठेवायला, छोट्या टेम्पोत माल चढवायला ठीक. दिवसात दहा-पंधरा वेळा ठीक, त्याच्या वर माणूस थकतो आणि थकलेला माणूस पॅलेट वर असतानाच स्टॅकर ओढायला लागतो.

सेमी इलेक्ट्रिक स्टॅकर. उचलतो बॅटरीवर, ढकलायचा हाताने. स्वस्त म्हणून सगळ्यात जास्त खपतो. गल्ली सपाट, माल ५००-७०० किलोचा, अंतर कमी, तर उत्तम चालतो. टनभर माल घेऊन हाताने ढकलायचा म्हटलं तर एका माणसाचं काम राहत नाही, दुसरा मागून लावायला लागतो आणि मग पैसे वाचले कुठे?

फुल इलेक्ट्रिक स्टॅकर. चालतो पण बॅटरीवर आणि उचलतो पण बॅटरीवर, माणूस हँडल धरून मागे चालतो किंवा घडीच्या पायरीवर उभा राहतो. आपल्या उदाहरणातल्या गाळ्याला माझी पसंती हीच. छत साडेपाच-सहा मीटर, वरचा बीम फार तर साडेतीन-चार मीटरवर, माल टनाच्या आत, फरशी बरी. रीच ट्रक इथे का नको? कारण रीच ट्रकचे पैसे त्याच्या उंचीचे असतात, तो १० मीटर आणि त्याच्याही वर जातो, आणि ४ मीटरच्या कामाला तो घेणं म्हणजे नुसता हप्ता भरणं. पण स्टॅकर बाहेर यार्डात नेऊ नका. छोटी चाकं, कमी ग्राउंड क्लिअरन्स, खड्ड्यात रुतला की काढायला फोर्कलिफ्ट बोलवावी लागते. गाडीतून माल उतरवायचा कसा हा प्रश्न मग उरतोच, त्याचं उत्तर पुढे.

काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्ट. आपण साधं फोर्कलिफ्ट म्हणतो ती हीच. पुढचं चाक म्हणजे तराजूचा दांडा टेकलेली जागा, एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला मागचं लोखंडी वजन. पुढे पाय नसल्यामुळे ती गाडीच्या फाळक्याला थेट जाऊन भिडते, बाजूने माल उतरवते, यार्डात चालते, बंद पॅलेट असो की लोखंडी पेटी, काहीही उचलते. म्हणून डॉक नसलेल्या गाळ्याला गाडी खाली करायला हिच्याशिवाय पर्याय कमी. बदल्यात गल्ली खाते. बऱ्याच ठिकाणी जमणारा मार्ग असा की तीन-चार गाळेवाल्यांनी मिळून यार्डासाठी एक फोर्कलिफ्ट महिन्याच्या भाड्याने ठेवायची आणि आत प्रत्येकाने आपापला स्टॅकर वापरायचा.

रीच ट्रक. मास्ट पुढे-मागे सरकतो, वळताना माल पोटात घेतो म्हणून गल्ली कमी लागते. ड्रायव्हर आडवा बसतो. ७-८ मीटरच्या वर रॅक असतील, फरशी सपाट असेल, दोन पाळ्या काम असेल तर हाच. उंचीवर काटे कुठे आहेत ते खालून दिसत नाही, म्हणून उंची दाखवणारा डिस्प्ले किंवा काट्यावरचा कॅमेरा घ्याच.

चेन कप्पी आणि हॉइस्ट. जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर माल चढवायला, किंवा मोटर, गिअरबॉक्स, कॉइल असा पॅलेटवर न बसणारा माल असला तर वरचा बीम आणि हॉइस्ट कामाला येतो. बीम कुठल्या वेल्डरने "बसवून दिला" असा नको, हिशोब करून बसवलेला हवा, त्यावर सुरक्षित भार रंगवलेला हवा, हुकाला कुलूपपट्टी हवी.

सिझर लिफ्ट टेबल, म्हणजे कात्रीसारख्या पायांवर वर-खाली होणारं टेबल, कंबरेच्या उंचीवर काम आणायला चांगलं. मजल्यामजल्यांत माल नेणारी गुड्स लिफ्ट असेल तर महाराष्ट्रात तिला २०१७ चा लिफ्टचा कायदा लागतो, परवानगी आणि लायसन्स घ्यायला लागतं, आणि माल नेणाऱ्या लिफ्टमध्ये मालासोबत माणूस चढवायचा नाही.

५. प्लेट वाचायला शिका

प्रत्येक मशीनवर एक प्लेट असते, तिच्यावर वजन, लोड सेंटर आणि उंची लिहिलेली असते. "२ टनाची फोर्कलिफ्ट" म्हणजे काट्याच्या टाचेपासून, काटा जिथे वळतो तिथून, ५०० मिलिमीटरवर मालाचा मध्य (हेच लोड सेंटर) असताना २ टन. तुमचं पॅलेट १२०० खोल धरलं तर मध्य ६०० वर जातो. आता पुढच्या चाकाच्या मध्यापासून काट्याच्या टाचेपर्यंत समजा ४०० मिलिमीटर आहेत. २००० गुणिले (४०० + ५००) भागिले (४०० + ६००) म्हणजे १८०० किलो. एवढंसं १०० मिलिमीटर सरकलं आणि २०० किलो गेले. माल लांब असेल, मध्य ७०० वर असेल तर १६३६. हा फक्त अंदाज लावायचा हिशोब आहे, शेवटचा शब्द कंपनीच्या चार्टचा.

उंचीवर हे आणखी घटतं, कारण मास्ट वर गेला की थोडासा झुकावसुद्धा मालाला पुढे नेतो. दीड टनाचा म्हणून विकलेला स्टॅकर साडेचार मीटरवर दीड टन उचलत नाही, आणि किती उचलतो ते प्रत्येक मास्टला वेगळं असतं. म्हणून डीलरला एकच प्रश्न विचारा आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या: "माझ्या पॅलेटच्या लोड सेंटरला, माझ्या सगळ्यात वरच्या बीमच्या उंचीला, साईड शिफ्टर लावून, किती किलो?" साईड शिफ्टर (काटे डावी-उजवीकडे सरकवणारी जोडणी), ड्रमचा क्लॅम्प, रोटेटर काहीही लावलं की ताकद कमी होते, आणि मग प्लेटसुद्धा नवी लागते.

मागे जादा वजन टांगून किंवा दोन माणसं मागे उभी करून जड नग उचलायचा प्रकार अजूनही दिसतो. कृपा करून करू देऊ नका. मास्ट, चेन, पुढचा ॲक्सल यातलं काहीच त्या वजनासाठी बनवलेलं नसतं आणि ती मागची माणसं पडली तर सरळ चाकाखाली जातात.

६. डिझेल की बॅटरी

बंद गाळ्यात डिझेल नको. कार्बन मोनॉक्साईड आणि काजळी आत साठते, धान्य, औषधं, कपडा असेल तर मालही खराब होतो. यार्ड, रॅम्प, पाऊस, लांब फेऱ्या, तिथे डिझेल चालतं.

लेड ॲसिड बॅटरी एका पाळीला पुरते. आठ तास काम, आठ तास चार्ज, मग थंड व्हायला वेळ. ८० टक्क्यांच्या पुढे उतरवायची नाही. पाणी भरायचं ते चार्ज झाल्यावर, आधी भरलं तर चार्ज होताना ॲसिड उतू जातं, आणि पाणी डिस्टिल्डच, आरओचं नाही. चार्जिंगला हायड्रोजन निघतो, म्हणून हवेशीर कोपरा, तिथे विडी-सिगरेट आणि वेल्डिंग बंद. लिथियम महाग पडते पण जेवणाच्या सुट्टीत लावली तरी चालते, पाणी नाही, दोन पाळ्यांना दुसरी बॅटरी लागत नाही. दिवसाला चार तासांच्या आत मशीन चालणार असेल तर लेड ॲसिडच घ्या, तिथे लिथियमचे पैसे वसूल होत नाहीत.

४८ व्होल्टच्या फोर्कलिफ्टचा साधा चार्जर साधारण ५ किलोवॅटच्या आसपास ओढतो. गाळ्याला थ्री फेज आहे का, मंजूर लोड किती, हे ऑर्डर द्यायच्या आधी वीजबिलावर बघून घ्या.

७. नवं, जुनं की भाड्याने

सीझनपुरतं, म्हणजे दिवाळीआधीचे दोन महिने, काम वाढत असेल तर भाडंच. भाड्याच्या करारात ड्रायव्हर कोणाचा, बंद पडलं तर किती तासांत दुसरं मशीन, टायर आणि बॅटरी कोणाच्या गळ्यात, हे लिहून घ्या.

जुनं घेताना रंग आणि अवर मीटर दोन्हीकडे दुर्लक्ष करा, मीटर बदलता येतो. काट्याची टाच, म्हणजे काटा जिथे वळतो तिथली जाडी, कॅलिपरने मोजा आणि काट्याच्या उभ्या भागाच्या जाडीशी ताडून बघा, १० टक्के झीज झाली असेल तर काटा बाद. चेन ताणली गेलीय का ते ठरावीक कड्यांची लांबी मोजून नव्या चेनशी ताडायचं, ३ टक्के वाढ झाली असेल तर बदला. मग माल धरून काटे दीड-दोन मीटर वर करा, मास्टवर खडूने खूण करा आणि १० मिनिटं चहा घ्या. खूण आणि काटा यात ठळक अंतर पडलं असेल तर सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह गेलाय. बॅटरीवालं असेल तर पूर्ण चार्ज करून प्रत्येक सेलमधल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी (घनता) हायड्रोमीटरने घ्या, १.२८ च्या आसपास पाहिजे, दोन-तीन सेल खूपच मागे असले तर भावातून नव्या बॅटरीचे पैसे कापा.

८. डेमो तुमच्याच गाळ्यात, तुमच्याच मालावर

डीलरच्या शोरूममध्ये रिकाम्या पॅलेटवर सगळी मशीनं छान चालतात. तुमच्याकडे आणायला सांगा. रॅक अजून लागले नसतील तर फरशीवर खडूने गल्ली आखा, तुमचं सगळ्यात जड पॅलेट घ्या, तुमचा माणूस चालवेल, त्यांचा नाही. सगळ्यात वरच्या उंचीला माल नेऊन थांबवा, मास्ट किती हलतो बघा. शटरचा चढ चढून उतरवा. फोर्कलिफ्ट असेल तर भरलेली असताना चढाला पुढे तोंड करून जायचं आणि उताराला उलट, रिव्हर्समध्ये, म्हणजे माल कायम चढाच्या बाजूला.

९. माणसं आणि कागद

चालवणारा ठरवा आणि त्याला ट्रेनिंग द्या, चावी त्याच्याकडेच. "कोणीपण चालवतं" अशा गाळ्यात अपघात होणारच. माथाडी टोळी काम करत असेल तर मशीन यायच्या आधी मुकादमाशी आणि माथाडी मंडळाच्या ऑफिसात बोला, १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंदलेली ही माणसं आहेत, त्यांच्या मजुरीचा आणि वाराईचा प्रश्न मशीन आल्यावर उठवण्यापेक्षा आधी सोडवलेला बरा. त्यातलीच दोन-तीन तरुण मुलं मशीनवर तयार झाली तर सगळ्यांचंच भलं होतं, माल कसा रचायचा हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

तपासणीचं वेळापत्रक १९४८ च्या कारखाने कायद्यात होतं तेच धरून चाला, हॉइस्ट आणि लिफ्ट दर ६ महिन्यांनी, बाकी उचलायची यंत्रं, चेन, दोर, स्लिंग दर १२ महिन्यांनी, मान्यताप्राप्त सक्षम व्यक्तीकडून. आता कामगार कायद्यांच्या जागी नवे कोड आलेत, तुम्हाला नेमकं काय लागू होतं ते तुमच्या सल्लागाराकडून खात्री करून घ्या, पण तपासणी काही झालं तरी करा.

रोजच्या तपासणीला एक वही मशीनलाच बांधून ठेवा. सकाळी चावी लावायच्या आधी तेलाची गळती, चाकं, काट्याच्या पिना, चेन दोन्ही बाजूंना सारखी ताणलेली आहे का, हॉर्न, ब्रेक, आणि स्टॅकरच्या हँडलच्या टोकाचं लाल बटण. ते बटण माणसाच्या पोटाला लागलं की मशीन लगेच उलट दिशेला सरकलं पाहिजे, तो भिंत आणि मशीनच्या मध्ये सापडू नये म्हणून ते दिलेलं असतं. सकाळी मोकळ्या जागेत तळहाताने दाबून बघा, नाही सरकलं तर त्या दिवशी चावी काढून ठेवायची आणि सर्व्हिसवाल्याला फोन लावायचा.